यंग मार्बल जायंट्स: एकच अल्बम आणि दुकान बंद, असं का केलं असेल?

ऑक्टोपॅडवाला_सांगली

मंडळी एक विचारायचं होतं. मी वीसेक वर्षं सांगली आणि आसपासच्या गावांत ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतोय, गणपती, जत्रा, हळद, मिळेल ते. परवा तासगावहून येताना पुतण्यानं गाडीत या यंग मार्बल जायंट्स बँडचा कलोसल यूथ नावाचा अल्बम लावला. पहिल्यांदा मला वाटलं स्पीकरचं एक चॅनेल गेलंय, खरंच सांगतो, वायर हलवून बघितली मी. एक बेस, एक तार दाबून वाजवलेली गिटार, मधेच ऑर्गन, मागं टिक टिक करणारं मशीन आणि ती पोरगी तर भांडी विसळताना आपल्याशीच गुणगुणावं तशी गातेय. आमच्याकडं मांडवात एवढा बारीक आवाज ठेवला तर अध्यक्ष येऊन विचारतील जनरेटर बंद पडला का. पण मिरज फाटा येईपर्यंत कोण बोललं नाही गाडीत. मग पुतण्या म्हणतो काका यांचा हा एवढाच अल्बम, 1980 चा, आणि त्याच वर्षी बँड बंद. एवढं जमलेलं सोडलं का? आणि ड्रमर का नाही ठेवला? (दुसरा प्रश्न पोटावर पाय येतोय म्हणून.)

मिरजेचा_तंबोरा

दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेतो. हे लोक वेल्समधल्या कार्डिफचे. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे भाऊ, आणि गाणारी अ‍ॅलिसन स्टॅटन. आधी तिघं ट्रू व्हील म्हणून एका बँडमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवायचे, म्हणजे तुमच्यासारखंच, आणि 1978 ला हे नवीन सुरू केलं. पीटर जॉइस म्हणून त्यांच्या नात्यातला भाऊ होता, त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद, त्यानं घरीच ड्रम मशीन जुळवलं. त्याचे ठेके कॅसेटवर भरून घ्यायचे आणि कार्यक्रमात कॅसेट लावून द्यायची, झाला ड्रमर. आपल्याकडं रियाजाला तबल्याची पेटी लावतात तसंच बघा, फरक इतकाच की आपण ती पेटी मैफलीत दाखवत नाही, यांनी बिनधास्त स्टेजवर नेली.

आता बंद का झालं. कार्डिफच्या बँड्सचं एक संकलन 1979 ला निघालं होतं, त्यातली यांची गाणी ऐकून लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीनं थेट अल्बमच करा म्हणून सांगितलं. मोजक्या दिवसांत 15 गाणी झाली. पण मुळात स्टुअर्टला स्वतः गायचं होतं, आणि फिलिप अडून बसला की अ‍ॅलिसन असेल तरच मी येणार. म्हणजे गाणी बहुतेक स्टुअर्टची आणि लोकांच्या कानात आवाज तिचा, हे त्याला पचायला जड गेलं असणार. त्यात दौरे, रोज एकमेकांची तोंडं बघायची, 1980 संपता संपता अमेरिकेत कार्यक्रम करून आले आणि मोडलं. थोडक्यात भाऊबंदकी. बांधावरनं होते तशी आवाजावरनं झाली.

माझं मत विचाराल तर तेवढ्यावर थांबलं ते बरं. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवताना, आमच्याकडं म्हातारे कारागीर सांगतात, आवाज खुलला की हात उचल. अजून थोडं अजून थोडं करत एक हात जास्त फिरला की घोडी गेली.

खणभाग_87

तंबोराशेठ हे सोयीचं बोलणं झालं 😀 घोडी बिघडली तर दुसरी बसवता की. आणि बंद पडले म्हणजे घरी नाही बसले, अ‍ॅलिसननं वीकेंड बँड काढला, त्यात बऱ्यापैकी जॅझ आलं, स्टुअर्टनं द जिस्ट काढला. दोन्ही ऐकलेत, चांगलेत, पण ती जादू नाही. त्याला स्वतः गायचं होतं ना, मग घे की गाऊन, गायला, आणि लोक आजपण विचारतात कुणाला, तिला. मला तर त्याचंच वाईट वाटतं.

पट्टीचा_कानसेन

न्यू वेव्ह म्हणू नका प्लीज, पोस्ट-पंक आहे.

खणभाग_87

कुणी म्हटलं?? दुकानात कुठल्या खणात ठेवायचं ते दुकानदार बघंल.

वाळव्याची_ताई

फायनल डे ऐका सगळ्यांनी आधी. अल्बमवर नाही, वेगळं निघालं 1980 लाच. दोन मिनिटांचं पण नाही. अणुयुद्धात जगाचा शेवटचा दिवस, आणि ती गातेय कशी तर वाण्याची यादी वाचल्यासारखी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागं एक बारीक उंच सूर चालू राहतो, लहानपणी दूरदर्शनवर रंगीत पट्ट्या यायच्या आणि टूंऽऽऽ असा आवाज लागायचा ना, अगदी तसा. आमचे मिस्टर उठून टीव्ही बंद करायला गेले होते. गंमत म्हणजे त्यांनी नंतर खरंच त्या पट्ट्यांच्या वेळी लागतं तसल्या संगीताची एक छोटी रेकॉर्ड काढली, टेस्टकार्ड, गाणं नाहीच, नुसती वाद्यं.

आणि ऑक्टोपॅडदादा, निर्वाना बँडचा गायक कर्ट कोबेन कलोसल यूथवर फिदा होता. त्याच्या बायकोच्या होल बँडनं 1994 ला यातलं एक गाणं केलं, पण त्यात ड्रम असे बडवलेत की तुमचा जीव थंड होईल.

ऑक्टोपॅडवाला_सांगली

ताई ऐकलं ते होलवालं. वाजवलंय भारी, पण गाणं लहान झाल्यासारखं वाटलं, हे मी ड्रमवाला असून म्हणतोय.

काल प्रॅक्टिसला गंमत केली. ऑक्टोपॅड काढलाच नाही, कीबोर्डचा आतला ठेका अगदी बारीक लावला, गिटारवाल्याला तारा दाबून वाजव म्हटलं, आणि गाणाऱ्या पोरीला सांगितलं माईक तोंडाला लावू नको, रिव्हर्ब पण नाही. नेहमीचंच एक जुनं गाणं, शंभरदा वाजवलेलं. पहिल्या कडव्यात सगळे हसत होते, दुसऱ्यात गप झाले. गिटारवाल्याची एक पट्टी चुकते ते मला तेव्हा कळलं, इतकी वर्षं माझ्या आवाजात झाकून जात होतं.

संपल्यावर पोरगी म्हणते दादा छान वाटतंय, पण सुपारी पाच जणांचीच सांगा.