अमेरिका आणि युरोप, माणसं सारखीच का?

रावेरचा_केळीवाला:
रामराम मंडळी. धाकट्याला एमएससाठी जर्मनी आणि अमेरिका, दोन्हीकडे ॲडमिशन मिळालीय. गावाच्या लेखी दोन्ही एकच, 'फॉरेन'. मला तसं वाटत नाही. यंदा कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सगळे भाऊबंद जमले. म्युनिकची भाची पंधरा दिवस निवांत होती, ऑफिसचा एक फोन नाही. टेक्सासचा पुतण्या पाच दिवसांसाठी आला आणि त्यातही रात्री घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, लॅपटॉप घेऊन बसायचा. पोरगं कष्टाळू आहे, त्याला बोल लावत नाही. पण हा फरक कंपनीचा की तिथल्या रीतीचा? आणि म्हाताऱ्या आईबापांचं तिकडे काय? फीचं मी बघून घेईन, मला माणसांचं सांगा.

अमळनेरकर_स्टुटगार्ट:
काका, आधी कायदा बघा, रीत त्यातूनच घडते. युरोपियन युनियनमध्ये वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा हा हक्क आहे. अमेरिकेत खाजगी नोकरीला पगारी रजा द्यायचं बंधन केंद्राच्या कायद्यात नाही, कंपनी देईल ती खरी. बाळंतपणाचंही तेच. तिथल्या 1993 च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाहीत. जर्मनीत तीन वर्षांपर्यंत नोकरी राखून घरी राहता येतं. इथे रविवारी दुकानं बंद. सुरुवातीला मी वैतागायचो, आता तो दिवस मला फार मोलाचा वाटतो.

यावलची_लेक:
भाऊ, मी न्यू जर्सीत बरीच वर्षं काढलीत, अमेरिकेची बाजूही ऐका. तिथे चाळिशीत नवं शिक्षण, नवा धंदा सुरू केला तर कुणी नाकं मुरडत नाही. सत्तरीची शेजारीण दुकानात उभी राहून काम करायची, त्यात तिला मान वाटायचा. आणि अठराव्या वर्षी पोरं घराबाहेर, हे आता पूर्वीसारखं राहिलं नाही. प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या सर्वेक्षण संस्थेने जुलै 2020 मध्ये मोजलं तेव्हा 18 ते 29 वयाची 52 टक्के मुलं आईबापांकडे राहत होती. कोरोना होताच, पण घरभाडं आणि शिक्षणाचं कर्जही आहे. आधीच्या पिढीने तरुणपणी घरं घेतली, आम्हाला का जमत नाही, हा राग तिथल्या तरुणांच्या बोलण्यात सारखा येतो.

अमळनेरकर_स्टुटगार्ट:
युरोपही एक समजू नका. फिनलंडची पोरं विशीच्या सुरुवातीलाच वेगळी राहतात, इटलीत तिशीपर्यंत आईच्या हातचं जेवतात. आईबापांचं म्हणाल तर जर्मनीत वृद्धाश्रमाचा खर्च त्यांच्याने झेपला नाही तर मुलांकडून वसूल व्हायचा. 2020 पासून वर्षाला एक लाख युरोंच्या वर कमावणाऱ्या मुलांकडूनच घेतात, बाकीचा भार सरकारवर.

रावेरचा_केळीवाला:
हे वाचून बरंच उलगडलं. म्हणजे तिकडे माया कमी, असं नाही. ओझं कुणी उचलायचं, याची वाटणी वेगळी. आपल्याकडेही 2007 मध्ये आईबापांना सांभाळायचा कायदा करावा लागलाच की. एकच सांगा, पोरगं एकटं आजारी पडलं तर कोण धावतं?

यावलची_लेक:
माझं ऑपरेशन झालं तेव्हा गल्लीतल्या अमेरिकन बायांनी पाळ्या लावून दोन आठवडे डबे पोचवले. ओळख जेमतेम होती.

अमळनेरकर_स्टुटगार्ट:
इथे पहिलं वर्ष कोरडं जातं. त्याला गावातल्या एखाद्या क्लबात घाला, फुटबॉल, गाणं, काहीही. माझे जिवाभावाचे दोघं तिथलेच.