मानसशास्त्राची पदवी तीन वर्षांची की सात?

परभणीचा मामा: भाची बारावी झाली, मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. दाजींचा एकच प्रश्न, "किती वर्षं?" कॉलेजवाले सांगतात तीन. माझ्या मते ही अर्धीच गोष्ट सांगून प्रवेश उरकायचा प्रकार आहे. बीए तीन, एमए दोन, आणि 'क्लिनिकल' म्हणून पेशंट बघायचे तर वर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) मान्य संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल. झाली सात. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स केली तर एमए एका वर्षात होतं, पण बेरीज तीच. हे पहिल्याच दिवशी आईबापांपुढे मांडा की!

बीडची ताई: मामा, काहून पोरीला भ्या दाखवू लालाव? सगळ्यांनाच कुठं क्लिनिकल व्हायचंय? समुपदेशनाला एमए पुरतं. आमच्याकडं आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं आजीपाशी. त्यांच्याशी बोलणारं माणूस आज पाहिजे, सात वर्षांनी नाही.

परभणीचा मामा: पाहिजे, कबूल. पण ते बीएत तयार होत नाही. प्रॅक्टिकल म्हणजे काय, तर शेजारच्या बाकावरच्यालाच चाचणी द्यायची, गुण मोजायचे, जर्नलवर सही घ्यायची. उद्या जीव द्यायचं बोलणारा शेतकरी समोर बसला तर?

नांदेडकर: यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केलं, क्लिनिकलला २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली. त्यामुळं मामांच्या सातातली शेवटची दोन वर्षं कोणत्या नावाखाली करायची, ते आरसीआयकडंच बघा. आणि 'घरबसल्या एमए'च्या जाहिरातीला भुलू नका. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ अन् ऑनलाइन बंद आहे.

बीडची ताई: म्हणजे संसार सांभाळून शिकणाऱ्या बाईनं अंबाजोगाईहून रोज संभाजीनगर गाठायचं? नियम करणाऱ्यांनी एकदा आमच्या एसटीनं यावं.

परभणीचा मामा: ताई, त्रास खरा आहे. तरी चाचणी घ्यायला अन् पेशंटशी बोलायला टपालानं आलेल्या पुस्तकातून नाही शिकता येत. तिथं मी यूजीसीच्या बाजूनं.

लातूरचा बाप: साडेपाच वर्षांत एमबीबीएस होतं, नावापुढं डॉक्टर लागतं, दवाखाना टाकता येतो. इथं पाच वर्षांनी काय लागतं? अन् लग्नाचं कधी बघायचं?

बीडची ताई: समुपदेशक लागतं. लग्नाचं म्हणाल तर माझं एमएच्या पहिल्याच वर्षी झालं. दुसरं वर्ष सासरहून केलं. एमबीबीएसवाल्या पोरीच्या बापाला कुणी विचारतं का हो असं?