मदत हवी आहे: केस कमीत कमी भाजतील असा हेअर ड्रायर कोणता घ्यावा?

पहाटपाळी
नमस्कार. येत्या रविवारी सीताबर्डीला जाऊन नवा ड्रायर घ्यायचा आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाले तर उपकार होतील. हिंगण्याच्या एमआयडीसीत माझी पहिली पाळी असते, सव्वासहाला हेल्मेट चढवून गाडी काढावी लागते आणि नागपूरच्या डिसेंबरात ओल्या केसांनी निघाले की दिवसभर डोके धरते. म्हणून ‘ड्रायर वापरूच नका’ असे कृपया कोणी सुचवू नये. सध्याच्या ड्रायरने केसांची टोके झाडूसारखी झाली आहेत. दुकानदार आयॉनिक, सिरॅमिक, टूरमलीन अशी नावे सांगतात. यांपैकी केस खरोखर वाचवते ते काय?

शेवंती
ताई, केस किती लांब आहेत, त्यांवर रंग किंवा स्मूदनिंग केले आहे का, सध्याचा ड्रायर किती वॅटचा आहे आणि तुमची खर्चाची तयारी किती, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मोगरा२२
डोळे मिटून आयॉनिक घ्या. मी दोन वर्षांपासून वापरते आहे. पूर्वी विंचरताना केस कंगव्यामागे उडत असत, ते पूर्ण थांबले.

कार्यशाळा
मोगराताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ऋण आयनांमुळे केसांवरचा स्थिर विद्युतभार कमी होतो, म्हणून केस उडत नाहीत. हवेचे तापमान त्याने उतरत नाही. सिरॅमिकमुळे उष्णता जरा समान पसरते, इतकेच. केस भाजतात ते तापमानाने, आणि ओला केस कोरड्यापेक्षा लवकर बिघडतो, कारण फार तापल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि नेमका तिथेच तो तुटतो.

वडाची_सावली
सर्वांत उत्तम म्हणजे नैसर्गिक वाळवणे. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोर आणि थंडीत गच्चीवरच्या उन्हात केस वाळवत. बोअरच्या जड पाण्यानेही केस राठ होतात, तेव्हा आधी पाणी तपासून घ्यावे.

कार्यशाळा
काका, पहाटे साडेपाचला ऊन कुठून आणायचे? शिवाय २०११ मध्ये कोरियातील संशोधकांनी केसांच्या बटांवर प्रयोग करून पाहिला, त्यात ड्रायर जितका गरम तितका केसाचा पृष्ठभाग अधिक खराब झाला हे खरे. पण पेशींना जोडून ठेवणाऱ्या आतल्या थराला इजा झालेली आढळली ती नुसत्याच वाळू दिलेल्या बटांमध्ये, कारण त्या फार वेळ ओल्या राहिल्या होत्या. ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरून सतत हलता ठेवावा, असे त्यांनी सुचवले. त्या अंतरावर हवा सुमारे ४७ अंश होती, तर ५ सेंटिमीटरवर ९५. तीच वस्तू, फरक फक्त हाताचा.

वडाची_सावली
प्रयोगशाळेतली बट आणि डोक्यावरचा केस यांत अंतर आहे, एवढेच म्हणतो.

पहाटपाळी
सर्वांचे आभार. पाणी नळाचे आहे, बोअरचे नाही. केस कमरेपर्यंत आणि दाट आहेत, स्मूदनिंग चार महिन्यांपूर्वी केले. ड्रायर २००० वॅटचा आहे, खर्चाची तयारी तीन हजारांची. घाई असल्यामुळे तो मुळांना जवळजवळ टेकवूनच धरते. हल्ली त्यातून जळका वासही येतो, हे सांगायचे राहिले.

शेवंती
हे सर्वांत आधी सांगायला हवे होते! स्मूदनिंग झालेला केस मुळातच दुबळा झालेला असतो, त्यावर टेकवलेली गरम हवा म्हणजे दुहेरी मार.

तारजोडणी
जळक्या वासाचा ड्रायर आज वापरू नका. तो सॉकेटमधून काढून, पूर्ण थंड झाल्यावर मागची जाळी पाहा. तिथे केस आणि कपड्यांचा भुसा साचला की आत हवा कमी खेचली जाते आणि तीच थोडी हवा तारेवरून जाताना जास्त तापते. दुसरे म्हणजे, २००० वॅटला २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज लागते. पंख्याच्या बोर्डावरचा ६ अँपिअरचा सॉकेट त्यासाठी नाही, १६ अँपिअरचा हवा.

पहाटपाळी
जाळी काढली. आत करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी जाड नमद्यासारखी गादी बसली होती, चिमट्याने ओढल्यावर अखंड बाहेर आली. शिवाय मी ६ अँपिअरच्याच सॉकेटवर चालवत होते आणि त्याची एक बाजू पिवळी पडली आहे. हा ड्रायर आता वापरणार नाही. नवा घेताना नेमके काय पाहू?

कार्यशाळा
वेग आणि उष्णता यांची बटणे वेगवेगळी असली पाहिजेत, म्हणजे हवा जोरात पण कोमट ठेवता येते. स्वस्त ड्रायरमध्ये बहुधा एकच बटण असते आणि वेग वाढवला की उष्णताही वाढते. तसा घेऊ नका. थंड हवेचे बटण आणि सहज निघणारी जाळी हवीच. दुकानात तो सुरू करायला लावा आणि तळहात वीतभर अंतरावर मधल्या उष्णतेवर धरा. दहा मोजेपर्यंत हात ठेववला नाही, तर तो परत द्या. तापमान स्वतः मोजून आवरणारे ड्रायर २०१६ पासून बाजारात आहेत, पण ते तुमच्या खर्चात बसणार नाहीत.

मोगरा२२
वेगळी बटणे असलेला आयॉनिक मिळाला तर घ्या, त्यात तोटा काहीच नाही. आधी मात्र जुन्या सुती पंचाने केस न चोळता दाबून पाणी टिपून घ्या. ड्रायरचे अर्धे काम तिथेच होते.

पहाटपाळी
पंचा आजच काढला. सॉकेट बदलायला शनिवारी मिस्त्री येणार आहे. तारजोडणीदादा, तारही जाड घालायला सांगू का, की नुसता सॉकेट पुरेल?

तारजोडणी
तार आधी तपासायला सांगा. बारीक तारेवर मोठा सॉकेट बसवला, तर भिंतीतली तार तापेल. मीटरपासून येणारी तार गीझरच्या सॉकेटसारखी जाड आणि स्वतंत्र असू द्या.