'इम्प्रिंटिंग'ला मराठीत काय म्हणावं: मुद्रण, ठसा की खूण?

सातारा: मी बी.एस्सी.च्या मुलांना शिकवते. 'जिनोमिक इम्प्रिंटिंग'साठी टिपणांत 'जनुकीय मुद्रण' लिहिलं होतं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मुद्रण म्हणजे छपाई ना? मग डीएनएवर नवी अक्षरं छापतात का?" छापत नाहीत. अक्षरं तीच राहतात, फक्त काही ठिकाणी सायटोसिन या अक्षरावर मिथाइल हा छोटा रासायनिक गट चिकटतो. जनुक आईकडून आलं की वडिलांकडून, यावर ते बोलणार की गप्प बसणार हे ठरतं. दुसरा शब्द सुचवा.

सांगली: 'ठसा' घ्या, ताई. मातृठसा, पितृठसा असे समासही सहज होतात. आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक गर्भात वडिलांकडचं चालतं, आईकडचं गप्प असतं. १९८४ साली अझीम सुरानी यांच्या गटानं आणि मॅकग्रा-सोल्टर यांनी वेगवेगळं दाखवलं, की फलित अंड्यातली दोन्ही केंद्रकं आईकडची किंवा दोन्ही वडिलांकडची असली तर उंदराचा गर्भ पूर्ण वाढत नाही. गुणसूत्रांची संख्या पुरेशी असून भागत नाही, दोन्ही ठसे लागतात.

कराड: समास होतात हे मान्य. पण मराठी कानाला ठसा कायमचा वाटतो आणि इथे तर पुसणं हाच अर्धा विषय आहे. गर्भात पुढच्या पिढीच्या जननपेशी घडू लागल्या की आधीच्या दोन्ही खुणा निघतात, मग त्या जिवाच्या लिंगाप्रमाणे नव्या बसतात. मुलाला आईकडून मिळालेलं गुणसूत्र त्याच्या शुक्रपेशीत जातं ते 'वडिलांकडचं' अशी नवी खूण घेऊन. माझी आजी काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची, काम झालं की सोडायची. लुगडं तेच. म्हणून मी 'खूणगाठ' म्हणेन.

सांगली: दृष्टान्त पटला, पण 'खूणगाठ बांधणे' म्हणजे मनाशी पक्कं करणे. पुन्हा कायमचंच झालं की! शिवाय फलनानंतर लगेच मिथाइल गट पुसण्याची आणखी एक लाट येते, तीत मात्र या खुणा टिकतात. दोन्ही लाटांना एकच 'पुसणे' लावलं तर मुलं गोंधळतील.

कराड: हे खरं. मग नुसती 'खूण' ठेवा. पहिल्या लाटेत खुणा 'उतरतात', दुसरीत 'तगतात'. आणि 'रिप्रोग्रामिंग'ला, म्हणजे जुन्या खुणा काढून नव्या बसवण्याला, 'फेरफार' नको, सातबाऱ्यावर शोभतो पण इथे अक्षरंच बदलल्यासारखं वाटेल.

सातारा: 'जनुकीय खूण' घेते, 'रिप्रोग्रामिंग'ला 'खुणांची फेरमांडणी'. पंधराव्या गुणसूत्राचं उदाहरणही आता सरळ सांगता येईल. तोच तुकडा वडिलांकडच्या प्रतीत गळाला तर प्रेडर-विली हा विकार होतो, आईकडच्या प्रतीत गळाला तर अँजेलमन हा वेगळाच विकार. मुलांना हे फार लक्षात राहतं. प्राणिवर्तनाचे अभ्यासक लॉरेन्झ यांच्या हंसाच्या पिल्लांना, जी जन्मल्यावर प्रथम दिसेल त्याच्यामागे चालू लागतात, त्या वेगळ्या 'इम्प्रिंटिंग'ला मात्र 'ठसा'च ठेवते, तो सहसा पुसला जात नाही.