मदत हवी आहे: नातीला गहू चालत नाही, इंदुरात पाकिटातलं काय घ्यावं?

रामबागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे आणि जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझी नात सात वर्षांची, पुण्याला असते. गेलं वर्षभर सारखं पोट दुखायचं, वजन जागचं हलेना, हिमोग्लोबिन खाली. जानेवारीत रक्त तपासलं, मग दुर्बिणीने आतडं तपासलं आणि सीलिअ‍ॅक निघालं. म्हणजे गहू-जवात ग्लूटेन नावाचं जे प्रथिन असतं ते तिला चालत नाही, गहू आणि जव आयुष्यभर बंद. आता मे महिन्यात ती आमच्याकडे येतेय, चांगली महिनाभर. आमच्याकडे वर्षाचा सीहोरचा शरबती गहू भरून ठेवायची पद्धत. रोज दोन्ही वेळेला पोळ्या, रविवारी दाल-बाफले, डब्यात शंकरपाळे, पाहुणा आला की शिरा. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही काही घाट घालू नका, मोठ्या दुकानात सगळं पाकिटात तयार मिळतं."

म्हणून परवा विजयनगरकडच्या एका झकपक दुकानात गेलो. तिकडे परदेशी चीज, ऑलिव्हच्या बरण्या आणि हेल्थ फूडची एक अख्खी मांडणी आहे. तिथल्या पोराला विचारलं, यात ग्लूटेन फ्री कोणतं? तर म्हणतो, "अंकल, ये पूरा रैक शुगर फ्री है, बेफिकर ले जाओ." त्याच्याशी काय वाद घालणार? खिशातून भिंग काढलं (बँकेत तीस वर्षं सह्या पडताळल्या, ती खोड जात नाही) आणि पाकिटं उलटी करून वाचत उभा राहिलो. दीड तास आणि चौदाशे साठ रुपये गेले.

एक किलो ग्लूटेन फ्री आटा, १९० रुपये. त्यात तांदूळ, मका, ज्वारी, सोयाबीन आणि चिकटपणासाठी झँथन गम. हिने नेहमीसारखा मळला, पोळी लाटली, उचलायला गेली तर निम्मी पोळपाटावर आणि निम्मी हातात. कशीबशी तव्यावर घातलेली गरम असताना बरी लागली, दहा मिनिटांनी पुठ्ठा. ब्रेड आणला, २१० रुपयांचा. भाजल्याशिवाय तोंडात धरवत नाही, तूप लावून कडक भाजला की जमतो. तांदूळ-मक्याचा पास्ता मात्र चांगला निघाला. पाकिटावर लिहिलंय त्याच्या दोन मिनिटं आधी उतरवायचा, नाहीतर खळ होते.

खरा घोळ बिस्किटांचा. एका पुड्यावर ठळक अक्षरात 'नो मैदा'. मी आनंदाने टोपलीत टाकला. घरी येऊन मागची बाजू वाचली तर पहिलाच घटक गव्हाचं पीठ! मैदा नाही, आटा आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसरं, 'मिलेट नूडल्स'. पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस छापलेलं, मागे सगळ्यात आधी गहू आणि नाचणी कुठेतरी शेवटून तिसरी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात म्हणे, म्हणजे नाचणी चित्रापुरतीच. हे दोन्ही शेजारच्या पोरांना देऊन टाकलं.

आणि काल संध्याकाळी सहज म्हणून आपल्याच फोडणीच्या डब्यातली हिंगाची डबी भिंगाखाली धरली. खाण्याचा डिंक, मैदा, हिंग. लग्नाला चाळीस वर्षं झाली, रोजच्या वरणात आम्ही मैदा घालतोय आणि पत्ता नाही! हिने डबी माझ्या हातातून घेतली, दोनदा वाचली आणि काही न बोलता ओट्यावर ठेवली.

तर ज्यांच्या घरी हे पथ्य आहे त्यांनी कृपया सांगा. या महागड्या पाकिटांतलं खरंच घेण्यासारखं काय, आणि कशावर पैसे घालवू नयेत? हिंगाला पर्याय काय? पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला चालेल का? आणि भाजणी, मेतकूट हे मराठी प्रकार तयार पाकिटात मिळतात, ते चालतील का? नात थालीपिठाची वेडी आहे.

---

पिठलंभात

भाजणी, मेतकूट दोन्हीत परंपरेने गहू असतो. तयार पाकीट घेऊच नका, अगदी 'घरगुती' लिहिलेलं असलं तरी. घरगुती म्हणजे तर गहू दळतात त्याच गिरणीत दळलेलं.

---

बंडू_इंदूरवाला

काका, एवढं टेन्शन कशाला घेऊन राहिलात. आमच्या लहानपणी कुठे होतं हे सगळं? पोळीचा घास रोज थोडा थोडा देत जा, पोटाला सवय होते. मालव्याचं पाणी आणि मालव्याचा गहू कोणाला बाधत नाही.

---

टिळकनगरची_सून

बंडूभाऊ, राग मानू नका, पण हे वाचून कोणी खरंच करून बघेल म्हणून लिहिते. ही चिंचेने घसा धरतो तसली गोष्ट नाही. ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं. मग अन्न अंगी लागत नाही, रक्त वाढत नाही. सवय होत नाही, आतून नुकसान होत राहतं आणि कधी कधी वरून काही दिसतही नाही. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. यावरून घासभर पोळी म्हणजे किती ते बघा.

रामबागकर काका, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चार वर्षं झाली पथ्याला. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखीच त्या मांडणीपुढे उभी राहून पैसे उधळलेत.

ती पाकिटं म्हणजे सणासुदीचा खाऊ समजा. पास्ता घ्या, वाढदिवसाला केकचं मिश्रण घ्या. बिस्किटं शाळेच्या डब्यापुरती ठीक, पण ग्लूटेन फ्री म्हणजे पौष्टिक असं धरून चालू नका. त्यात बहुतेक स्टार्च, साखर आणि पामतेल असतं, चोथा कमीच. आमच्या मुलाचं पोट त्या ब्रेड-बिस्किटांनी घट्ट व्हायला लागलं तेव्हा आमच्या लक्षात आलं. तयार आटा एखादं पाकीट घरात असू दे, पण मळायला उकळतं पाणी घ्या, थोडं तूप घाला, झाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटा. पोळी म्हणून नाही, भाकरी म्हणून बघा त्याच्याकडे, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही.

मागची बाजू वाचताना 'कंटेन्स' म्हणून ठळक ओळ असते ती आधी शोधा. अ‍ॅलर्जीचे पदार्थ तिथे जाहीर करावे लागतात, त्यात गहू असतोच. 'मे कंटेन' असं लिहिलेलं पाकीटही आम्ही परत ठेवतो. पण 'मे कंटेन'ची ओळ नाही म्हणजे पदार्थ शुद्ध, असं मात्र समजू नका, कारण ती सक्तीची नाही. 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट' दिसलं की थांबा, ते जवाचं असतं. कॉर्नफ्लेक्समध्येसुद्धा घालतात, मी वर्षभर बेसावध होते. 'माल्टोडेक्स्ट्रिन' हे वेगळं, त्याने घाबरू नका. ओट्स मुळात गव्हाचे नाहीत, पण शेतात आणि कारखान्यात गव्हात मिसळतात, म्हणून त्यांच्यावर ग्लूटेन फ्री लिहिलेलं असेल तरच. आणि तेही डॉक्टरांना विचारून, काही मुलांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. सोया सॉसमध्ये गहू असतो. आइस्क्रीम कपातलं, आणि त्याचंही लेबल वाचून, कोन नको.

हिंग तांदळाच्या पिठात बांधलेला मिळतो, ऑनलाइनही मिळतो. जीरावनमध्ये हिंग असतो, चाट मसाल्यात, सांबार मसाल्यात, लोणच्यात, उडदाच्या पापडातही. जीरावन घरीच करा. धने, जिरं, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, सुंठ, लवंग, थोडी लाल मिरची. हिंगाशिवायही छान होतं, माझ्या सासूबाईंनी ओळखलं नव्हतं.

आणि आता जे तुमच्या घरात कुणाला आवडणार नाही ते. वेगळा तवा. वेगळं लाटणं-पोळपाट, कारण लाकूड पीठ धरून ठेवतं. वेगळी चाळणी. ज्या तेलात कचोरी तळली त्यात तिचं काही तळायचं नाही. सकाळी पोहे-जिलबी आणायला जाल तेव्हा पोहे चालतात म्हणून आणू नका. पोहे तांदळाचेच, पण तोच हात जिलबीत आणि तोच हात पोह्यांवर शेव पसरतो.

---

ग्वाल्हेरी

आमच्या भाचीला हेच आहे. काका, उपवासाचं सामान विसरलात की! साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, मोरधन. आपल्या आज्यांनी ग्लूटेन फ्रीची अख्खी मांडणी आधीच लावून ठेवली आहे, तीही एकादशीच्या नावाने. भाचीचा महिन्यातला निम्मा खाऊ उपवासाचा असतो. शेजारीण मला एकदा विचारत होती, एवढीशी पोर, हिला कसला नवस?

---

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. सूनबाई (असंच म्हणतो, राग नसावा), तुमचं उत्तर हिने मला मोठ्याने वाचायला लावलं आणि दोनदा थांबवून कागदावर उतरवून घेतलं.

ग्वाल्हेरकर, मोरधन म्हटलंत आणि हसू आलं. लेक पुण्याची झाल्यापासून त्याला वरी म्हणते, आणि फोनवर हिच्याशी पाच मिनिटं घोळ चालला होता की नक्की काय आणायचं. त्या दुकानातून क्विनोआही आणला होता, ते सांगायचं राहिलं. पाव किलो, १८० रुपये. शिजवला, हिने चमचाभर खाल्ला आणि म्हणाली, "हा तर राजगिऱ्याचा भाऊ." वाचून बघितलं तर खरंच एकाच कुळातले, आणि आपल्या चाकवताशी तर त्याचं अगदी जवळचं नातं! राजगिरा सियागंजात याच्या कितीतरी कमी भावात मिळतो. तिकडची फेरी झाली.

सियागंजातून ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरं आणलं. गव्हाशिवाय भाजणी. दुकानदार ओळखीचा, त्याला सगळं समजावलं, तो म्हणाला, "बाबूजी, ज्वार तो ज्वार ही है, इसमें क्या मिलेगा." घरी हिने दोन किलो ज्वारी परातीत पसरली, आम्ही दोघं खिडकीत बसलो, मी भिंगासकट. एक गव्हाचा दाणा निघाला. मग दुसरा. सगळं निवडून झालं तेव्हा वाटीत अकरा दाणे होते. दुकानदाराची काय चूक, त्याच्याकडे सगळी पोती शेजारीशेजारीच. मग सगळं धान्य धुतलं, गच्चीवर जुन्या धोतरावर वाळवलं आणि कोपऱ्यात विटा ठेवल्या. उन्हाळा कडक आहे, एका दिवसात खडखडीत.

आता अडलंय दळण्यावर. आमच्या गल्लीतल्या चक्कीवाल्याला विचारलं, सकाळी सगळ्यात आधी माझं दळशील का? तयार आहे बिचारा. पण रात्रीचा गव्हाचा शेवटचा घाणा पाळ्यांत राहतोच ना?

---

टिळकनगरची_सून

राहतो. आधी दोन किलो तांदूळ दळून काढले तरी खात्री नाही. चक्की नकोच. घरघंटी घ्यायची असेल तर नवीनच घ्या, जुनी कोणाची घेऊ नका, तिच्यात गहू दळलेलाच असतो. महिन्यासाठी एवढा खर्च नको असेल तर मिक्सरला नवं भांडं आणा आणि थोडं थोडं फिरवा. भाजणी जरा जाडसर होते, पण थालीपिठाला जाडसर चांगलीच लागते. बेसनही विकतचं आणू नका. डाळ निवडून त्याच भांड्यात करा.

---

बंडू_इंदूरवाला

अकरा दाणे वाचून मी घरची ज्वारी बघितली. माझ्या पाव किलोत तीन. वर लिहिलेलं मागे घेतो.

---

रामबागकर

नवं भांडं आणलं. त्यावर हिने लाल नेलपॉलिशने नातीचं नाव घातलंय, म्हणजे चुकून मी त्यात काही फिरवणार नाही. काल नमुन्याची दोन थालीपिठं केली. नव्या तव्याला पहिलं चिकटलं, दुसरं अखंड सुटलं. कडेने कुरकुरीत, मध्ये भोक पाडून तेल सोडलेलं, वर घरचं लोणी. गहू नाही हे मला तरी कळलं नाही. हिचं म्हणणं, चिकटपणाला किंचित कमी पडतं, पुढच्या खेपेला उडीद मूठभर वाढवेन.

चौदाशे साठमधलं कामाचं म्हणाल तर आता पास्ता आणि अर्धा पुडा आटा एवढंच उरलंय. क्विनोआ कोणाला हवा असेल तर रामबागेत येऊन घेऊन जा.

गाडी शुक्रवारी सकाळी पोचते. एकच विचारायचं राहिलं. पहिल्या दिवशी आमच्याकडे सगळा गोतावळा जमतो, भावाकडची मुलं पोहे-जिलबी घेऊन येतात, तो रिवाज आहे. जिलबी बंद करायची, की नातीसमोर बाकीच्यांनी खायची?

---

टिळकनगरची_सून

पहिल्या दिवशी बंद करा. घरीच पोहे, तिच्यासाठी केलेलं जीरावन सगळ्यांना, आणि गोड म्हणून श्रीखंड, घरच्या चक्क्याचं. बाकीची मुलं तिचं खातायत हे तिने एकदा बघू दे. मग पुढच्या रविवारी जिलबी आणलीत तरी ती विचारणारही नाही. आमचा विचारत नाही.