मदत हवी आहे : फर्मागुडी अपघात, दावा पणजीत की ओरोसला?

गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणाऱ्या, मूळ सावंतवाडीच्या मुलाला स्कूटरने उडवलं. नडगीचं हाड मोडलं, आत सळई आहे. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मूळ बिलं हाताशी आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथे, दोन्हीकडे भरपाईचा दावा चालतो. ओरोस (सिंधुदुर्गचं जिल्हा ठिकाण) घराजवळ, पण तपास अधिकारी नि डॉक्टर गोव्यातले. साक्षीला ते ओरोसला येतात का? की तारखांवर तारखा पडतात?

खरी गोम स्कूटरची. पाटी पांढरी, म्हणजे खासगी. पण चालवणारा पर्यटक, भाड्याने घेतलेली. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे लागतात. आता विमा कंपनी पॉलिसीच्या अटीचा भंग झाला म्हणून हात झटकणार, हे उघड आहे. 'आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश अशा प्रकरणात कोणाला मिळालाय का? भाड्याचा पुरावा म्हणून यूपीआयची नोंद आहे. ती आपणच पुढे करावी का? माझ्या मते अजिबात नाही, पण वकिलांचं मत हवं.

अपंगत्वाचा दाखला सळई काढल्यावर, असं डॉक्टर म्हणतात. कलम १६६(३) मध्ये मुदत तर सहा महिन्यांची. आधी दावा दाखल करून दाखला नंतर जोडलेला चालतो ना? आणि भरपाई ठरवताना कमाई नसलेल्या विद्यार्थ्याचं उत्पन्न किती धरतात, कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं?