मदत हवी आहे: स्क्रॅचवरून पायथॉनवर कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी, नाशिकरोडला राहतो, लेक सातवीत आहे आणि स्क्रॅचची (ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायचं ते) भारी गोडी लागलीय तिला. मांजर पळवणं, स्कोअर मोजणं, क्लोन काढून वरून दगड पाडणं असलं सगळं स्वतः करते, म्हणजे लूप, इफ-एल्स, व्हेरिएबल कळलंय असं धरून चालू. पण पायथॉन (इथे कोड टाइप करून लिहावा लागतो) उघडलं की गाडी अडते. परवा फॉरच्या ओळीला कोलन द्यायचा राहिला, लगेच लाल अक्षरात एरर आणि बाईसाहेब फुगून बसल्या. स्क्रॅचमध्ये न जुळणारा ब्लॉक बसतच नाही ना, इथे ओळीआधीची स्पेस हलली तरी बोंब. त्यात रेंज १० दिलं तर ते ० पासून ९ पर्यंत का मोजतं हे तिला अजिबात पटत नाहीये. टायपिंगचा स्पीड तर विचारूच नका.

कॉलेज रोडचे एक क्लासवाले सर म्हणाले ब्लॉक म्हणजे टाइमपास, डायरेक्ट टेक्स्टच शिकवा. मला नाही पटलं, एमआयटीवाल्यांनी स्क्रॅच मुख्यतः ८ ते १६ वयाच्या मुलांसाठीच काढलंय, विचार करायची सवय तिथेच लागली पोरीला. प्रश्न मधल्या टप्प्याचा आहे. मेककोड या वेबसाइटवर मायक्रोबिटचा (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) एकच प्रोग्राम ब्लॉकमध्ये आणि पायथॉनमध्ये बघता येतो, स्क्रीनवरच बोर्ड चालवून दाखवणारा सिम्युलेटर असल्यामुळे बोर्ड पण लगेच घ्यावा लागत नाही. आधी ते करू की सरळ टर्टल (पायथॉनमधलं चित्रं काढायचं साधन) घेऊन चित्रं काढायला लावू?

आणि स्क्रॅच तोवर बंद करायचं की दोन्ही चालू ठेवायचं? कुणाची मुलं यातून गेली असतील तर प्लीज सांगा, नाशकात कुणी नीट शिकवणारं असेल तर तेही.